ड्रेसरमामांची अंड्याची शर्यत

ड्रेसरमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. फाटकातून आत आले, चपला काढल्या, आणि मी “या, बसा” म्हणत खुर्ची पुढे करेपर्यंत हा माणूस व्हरांड्यातल्या फरशीवर मांडी घालून बसलासुद्धा. आमच्या लॅब्राडॉरकडे, म्हणजे बादशहाकडे, त्यांनी पाहिलंही नाही. उजव्या हाताचा पंजा पालथा करून गुडघ्यावर ठेवला आणि समोरच्या जास्वंदीकडे बघत राहिले. बादशहानं तो हात हुंगला, मग कोपर, मग कान, मग सदऱ्याचा खिसा. पंचवीस मिनिटं हा कार्यक्रम चालला. मी मध्ये दोनदा खाकरलो. माझी बायको वर्षा चहा घेऊन बाहेर आली आणि कप कुणापुढे करावा हे न कळून तशीच उभी राहिली. शेवटी मामांनी खिशातून एक मळकी वही काढली, पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

“मास्तर, कुत्रं लई मायाळू हाय तुमचं. आन् लई खादाड. ह्यातलं कुठलं वापरायचं, तेवढं ठरवाय लागंल.”

मामा मूळचे आजऱ्याकडचे. सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून केली. डॉक्टर बदलून जायचे, मामा तिथेच. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, बैलाचं नाक धरणं आणि जनावराच्या मालकाला धीर देणं, ही त्यांची कामं. “जनावर धरायला सोपं वो, मालक धरायला दोन माणसं लागत्यात,” असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेवर औषधाच्या रिकाम्या डब्यांची चळत. या डब्यांची झाकणं गोल कापून, घासून, मामा त्यांची पदकं करत. पदकाची फीत म्हणजे बँडेजची पट्टी, जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात बुडवून रंगवलेली. ती गळ्यात बांधली की आठ दिवस कुत्र्याची मान जांभळी दिसायची, आणि मालकाचे हातही. त्यावरून कोण जिंकलं हे अख्ख्या कॉलनीला कळायचं.

ही पदकं होती कुत्र्यांच्या खेळांसाठी. दर जानेवारीत, एका रविवारी सकाळी, कॉलनीमागच्या मैदानावर मामा हे खेळ भरवत. आधी कॉलनीतलीच सात-आठ कुत्री असायची, मग राजारामपुरीतून, शाहूपुरीतून लोक येऊ लागले. मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे कागदपत्रं आपोआप माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच वर्षी मी कॉम्प्युटरवर छान प्रवेश-अर्ज तयार केला. कुत्र्याचं नाव, वय, जात, मालकाचं नाव. मामांनी तो हातात घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि ‘जात’ या शब्दावर एक आडवी रेघ मारून वर लिहिलं, ‘काय येतं?’

“मामा, अहो जातीवरूनच कळतं ना काय येतं ते,” मी माझं ज्ञान पाजळलं.

“आमास्नी नका सांगू मास्तर ते,” मामा हसून म्हणाले. “लई ऐकलंय.”

मी तो अर्ज निमूटपणे पुन्हा छापून आणला.

जातीजातीचे स्वभाव त्यांना माहीत नव्हते असं नाही. मुधोळी कुत्रं पळणार, डॅशहुंड बिळात शिरणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण ते प्रत्येक कुत्र्याच्या घरी जाऊन, अर्धा तास फरशीवर बसून, मगच त्याचा खेळ ठरवत. एका वस्तादांचं मुधोळी कुत्रं होतं. ते पळायचं वाऱ्यासारखं, पण थांबायचं नाही, थेट हमरस्त्याला लागायचं. मामांनी त्याला खेळ दिला, पळून थांबायचा. पळण्याला गुण नाहीत, थांबण्याला. दोन पामेरियनांना हुकूम झाल्यावर भुंकायचं आणि हुकूम झाल्यावर गप्प व्हायचं, असा खेळ होता. कुत्री गप्प झाली, त्यांच्या मालकिणी झाल्या नाहीत. पग जातीच्या एका कुत्र्याला ‘दोन मिनिटं एका जागी बसणे’ एवढंच काम होतं. तो बसला, झोपला, घोरू लागला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात झोपेतच पहिला आला.

“हरल्यालं कुत्रं मी अजून बघिटलं न्हाय,” मामा म्हणायचे. “हरल्यालं मालक मात्र रग्गड बघिटल्यात.”

त्या रग्गडांतला एक मी.

बादशहाला मामांनी अंड्याची शर्यत दिली होती. लॅब्राडॉरचं तोंड मऊ असतं, तो वस्तू दात न लावता उचलून आणतो, असं पुस्तकात आहे. बादशहानं ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. खेळ साधा. चुन्याच्या एका रेघेपासून पन्नास पावलांवरच्या टोपलीपर्यंत कच्चं अंडं तोंडात धरून, न फोडता न्यायचं. मालकानं टोपलीपाशी उभं राहून फक्त तीनदा हाक मारायची. अंडं आपापल्या घरून आणायचं, कारण मामांच्या मते कुत्र्याला त्याचा वास ओळखीचा पाहिजे. कुणाचं अंडं कुणी तपासत नसे. तपासायचं असतं हे मामांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्या वर्षी बादशहानं रेघेवरच अंडं खाल्लं, टरफलासकट, आणि शेजारच्या स्पॅनियलचंही खाल्लं. दुसऱ्या वर्षी तो दहा पावलं चालला. मला वाटलं, जमलं. मग तो पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर बसला आणि अंडं पुढच्या पंजांत धरून सावकाश, चवीनं संपवलं. सोमवारी शाळेत गेलो तर आठवीच्या फळ्यावर कुणीतरी मोठ्ठं अंडं काढून खाली लिहिलं होतं, ‘सरांचा निकाल’. घरी वर्षा म्हणाली, “पुढच्या वर्षी आम्लेट करून घेऊन जा. निदान आपण तरी खाऊ.” माझी मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुत्र्याच्या अंड्यावरून इतकं लागू नये, हे मला कळत होतं. पण लागलं.

आता मुकादमाविषयी सांगायला हवं. मुकादम म्हणजे कॉलनीतलं रस्त्यावरचं कुत्रं. तांबूस रंग, डाव्या कानाला चीर. सकाळी झाडणाऱ्या बायका आल्या की हा त्यांच्यामागून गल्लीगल्लीत हिंडायचा, काम नीट चाललंय का बघितल्यासारखा. म्हणून बायकांनीच त्याला मुकादम नाव दिलं. तो कुणाला चावल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याचा गुन्हा एकच. अंडीवाला सायकल लावून जिन्यावर गेला की हा क्रेटमधलं एक अंडं अलगद उचलायचा आणि पाण्याच्या टाकीमागं नेऊन निवांत खायचा. तेही अशा चालीनं, की बघणाऱ्याला वाटावं, हा कामावर निघालाय.

आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष मानेसाहेब. शिस्तीचे. त्यांनी बैठकीत ठराव मांडला, कुत्रं टेम्पोत घालून लांब कुठंतरी सोडायचं. मामा कॉलनीचे सभासद नव्हते, पण खेळांच्या परवानगीसाठी आले होते. ते मागून म्हणाले, “सायेब, ती चोरी न्हवं, कला हाय. अंडं फुटत न्हाय त्याचं. खेळात घ्या की त्येला.”

सगळे हसले. आणि मग अनपेक्षितपणे मानेकाकू, म्हणजे मानेसाहेबांच्या सौभाग्यवती, उभ्या राहिल्या. शांत बाई. बैठकीत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, “अंड्याच्या शर्यतीत पहिला आला, तर मी घेते त्याला. आमच्या बंगल्यात ठेवीन.”

मानेसाहेब आधी चमकले, मग हसले. “घे की! पण पहिला हं. दुसरा-तिसरा नाही. नाहीतर टेम्पो.”

“चालेल,” काकू म्हणाल्या.

तुम्ही विचाराल, मामांनीच का नाही ठेवलं? मी विचारलं होतं. घरमालक कुत्रं ठेवू देत नव्हता. शिवाय मामा म्हणाले, “माझी सत्तरी झाली. माझ्यामागं ते परत रस्त्यावरच की. घर द्यायचं तर पुरंल असं द्यावं.” ते रोज सकाळी मुकादमाला मैदानावर नेऊ लागले. टोपलीपाशी काकू उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांना हाकसुद्धा मारता येईना, “अहो मुकादम” म्हणाल्या. आठवड्यात “मुकादमा, ये बाळा” वर आल्या.

हे सगळं मला माहीत होतं. मी रोज सकाळी दूध आणायला त्याच मैदानावरून जात होतो. तरी मी जे केलं ते केलं.

मी अंडं उकडलं.

नुसतं उकडलं नाही, विज्ञानाचा शिक्षक ना मी! उकडलेलं अंडं फुटत नाही, पण खाल्लं जाऊ शकतं. म्हणून त्याला बाहेरून किराइताचा काढा चोळला. कडूजहर. आठ दिवस गच्चीवर तालीम घेतली. अंडं टोपलीत टाकलं की एक पेढा. पेढ्याच्या आशेनं बादशहा कडू तोंड सोसायला शिकला. आपण नोकरीत वेगळं काय करतो? घरात मी कुणाला सांगितलं नाही. वर्षाला वाटलं, मी तिच्या पोटदुखीसाठी किराईत आणलंय. तिनं ते कौतुकानं मैत्रिणीला सांगितल्याचं मी ऐकलं.

शर्यतीला चार कुत्री होती. दुसऱ्या लॅब्राडॉरचं अंडं चार पावलांत फुटलं. स्पॅनियलचं निम्म्यात. बादशहा सुटला तो सरळ माझ्याकडे, कान मागं, तोंड वाकडं, आणि टोपलीत अंडं टाकून पेढ्यासाठी माझ्या अंगावर चढला. लोक ओरडत होते. मीही ओरडत होतो. आणि मागून मुकादम येत होता. पळत नव्हता. त्याच्या नेहमीच्या चालीनं, मान वर, गर्दीकडे न बघता, जणू अंडीवाला अजून जिन्यावर आहे. काकूंनी दुसरी हाक मारलीच नाही. तो आला, टोपलीपाशी थांबला, आणि अंडं ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

“पहिला नंबर, सरांचा बादशहा!” मानेसाहेबांनी माइकवर जाहीर केलं. मग काकूंकडे बघून माइक जरा बाजूला धरला. “अट ती अट.” काकूंनी मान हलवली आणि मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मामा टेबलापाशी होते. त्यांनी टोपलीतली दोन्ही अंडी उचलली, टेबलावर ठेवली आणि एकेकाला बोटांनी फिरकी दिली. एक डगमगलं, दोन गिरक्या घेऊन थांबलं. दुसरं भोवऱ्यासारखं गरगर फिरत राहिलं. कच्चं आणि उकडलेलं ओळखायचा हा प्रयोग मी दरवर्षी आठवीला करून दाखवतो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. आकाश निरभ्र होतं.

मामांनी फिरणारं अंडं थांबवून खिशात टाकलं, खाली वाकले, आणि बादशहाच्या गळ्यात पदक बांधलं.

मंडळी पांगल्यावर ते मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले होते. मी खुर्च्या मोजायचं नाटक करत होतो. त्यांनी हाक मारली. “मास्तर, या की हिकडं. मीठ हाय काय?”

खिशातून अंडं काढून त्यांनी बाकाच्या कडेवर टिचवलं, सोललं, निम्मं तोडून तोंडात टाकलं.

“कडू लागतंय वो.”

“किराईत आहे,” मी म्हणालो.

“लई डोकं चालवलासा.”

“मामा, तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत?”

“सांगून? बादशहाच्या गळ्यातलं काढून घ्याय लागलं असतं. त्येनं काय केलंय? तुम्ही दिल्यालं त्येनं आणून दिलं. बिनतक्रार. कुत्र्याला दिल्यालं परत घ्यायचं न्हाय, मी तरी न्हाय घेत.” त्यांनी उरलेलं अंडंही खाल्लं, तोंड वेडंवाकडं करत. “मानेसायबांच्याकडं जावा. आज न्हाय तर उद्या. मी सांगिटलं तर ती तक्रार हुती, सायेब अडून बसतील. तुम्ही सांगिटलं तर मुकादमाला घर मिळतंय. टेम्पो शनिवारी येणार हाय.”

“उद्या जातो,” मी म्हणालो. आणि खरंच जाणार होतो.

सोमवारी शाळेत पालकसभा निघाली. मंगळवारी मी आरशासमोर उभं राहून तालीम केली, मानेसाहेबांच्या फाटकापर्यंत गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. “काय सर, चॅम्पियन काय म्हणतोय?” म्हणाले. “मजेत आहे,” मी म्हणालो आणि फिरायला निघाल्यासारखा पुढे गेलो. बुधवारी चिठ्ठी लिहिली, वाचली, फाडली. मुकादमाला आपल्याच घरी आणावं, असंही मनात आलं. बादशहाला चालणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बादशहाला, ज्याला अंगणातला सरडासुद्धा मित्र वाटतो! गुरुवारी शेजारच्यांनी माझ्या मुलीला घरी बोलावून पदकासाठी पेढे दिले. तिनं मला त्यातला एक भरवला.

आणि रोज संध्याकाळी मामा येत. फरशीवर बसत, बादशहाची मान खाजवत, चहा घेत. एका शब्दानं विचारत नसत. उठताना म्हणत, “येतो मास्तर.” शुक्रवारी उठताना जरा थांबले. मी म्हणालो, “उद्या सकाळी नक्की.” मामा म्हणाले, “बरं.”

शनिवारी माझी सकाळची शाळा असते, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो असं इतके दिवस म्हणत आलोय, इथंही तेच लिहिलं. विसरलो नव्हतो. साडेअकराला परत आलो तेव्हा कोपऱ्यावर झाडणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “सर, मुकादमाला न्हेलं की वो. आपनहून चढला गाडीत. कामाला न्हेत्यात वाटलं आसंल बिचाऱ्याला.”

टेम्पोवाल्यानं त्याला जोतिबाच्या डोंगराखाली सोडलं होतं. मी लगेच मनाशी म्हटलं, बरं झालं, तिथं यात्रेकरू असतात, खोबरं मिळेल, पोटाला कमी पडणार नाही. असं म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात उभे. डोक्याला मफलर, हातात पत्र्याचा डबा. डब्यात भुसा आणि भुशात सहा कच्ची अंडी. “मास्तर, गाडी काढा.”

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष आम्ही जवळजवळ दर रविवारी जोतिबाला जात होतो. मी स्कूटर चालवायचो, मामा मागं डबा मांडीवर घेऊन. पायथ्यापासून वरच्या दुकानांपर्यंत, गुलालाची, नारळाची, बांगड्यांची दुकानं, एकही सोडायचे नाहीत. “पावणं, एक तांबूस कुत्रं दिसलं काय? डाव्या कानाला चीर. त्येला अंडं दिलं तर खात न्हाय, घिऊन जातंय.” तांबूस कुत्री तिथं ढिगानं. मामा प्रत्येकापुढे पायरीवर बसायचे, अंडं ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे. सगळ्यांनी जागेवरच खाल्ली. त्या वर्षी जोतिबाची कुत्री चांगलीच बाळसेदार झाली. दुकानदार मामांना खोबरं द्यायचे, ते पायरीवर बसून चावून चावून खायचे. दम लागायचा. मी म्हणायचो, “मामा, पुढच्या वेळी मी एकटा येतो.” ते म्हणायचे, “तुमच्याकडनं वळखू येणार न्हाय. तुम्ही कुत्र्याच्या तोंडाकडं बघता. चालीकडं बघाय लागतंय.”

मामांना चीड आली असती तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पचवल्या असत्या, वर दोन माझ्याही घातल्या असत्या. पण ते कॉलनीत सगळ्यांना सांगायचे, “मास्तरांना मुक्या जनावराची लई माया. ऐतवारची झोप मोडून हुडकाय येत्यात.” त्यामुळे माझं नाव झालं. लोक मला पक्षी पंख्यात अडकला, मांजर गच्चीवर अडकलं, की बोलवायला लागले. शाळेत प्राणिमित्र म्हणून माझं भाषण झालं. मुख्याध्यापकांनी शाल दिली. ती शाल मी अजून घडी मोडून वापरलेली नाही, आणि कुणाला देऊनही टाकलेली नाही. पुढच्या जानेवारीत खेळ झाले, त्यात अंड्याची शर्यत नव्हती. मी कारण विचारलं नाही.

मग मामांची छाती भरली. दवाखान्यात ठेवलं. मी दुपारी शाळेतून तिकडे जायचो. एकदा त्यांचा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता तेव्हा मी धीर करून म्हणालो, “मामा, माझं चुकलं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

मामांनी डोळे उघडले. नळीमुळे बोलणं तुटक येत होतं. “मला काय सांगतासा? मला म्हाईतच हुतं की. ज्येला म्हाईत न्हाय त्येला सांगायचं असतंय.” मग हसल्यासारखं करत, “अजून कडू लागतंय तोंड.” ते औषधाविषयी बोलत होते की त्या अंड्याविषयी, मला कळलं नाही. तीन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. त्यांचं खरं नाव यशवंत होतं, हे मला पत्रिकेवरून कळलं. सतरंजीवर सगळे ओळीनं बसले होते. बुद्धवंदना, मग पंचशील. नवीन माणसांसाठी अर्थ छापलेला कागद वाटला होता. भंतेजी म्हणतील तसं आम्ही मागून म्हणत होतो. हिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही. चौथ्याला मी अडखळलो. खोटं बोलणार नाही. शेजारचा माणूस माझा आवाज थांबला म्हणून वळून बघू लागला. मी कागद तोंडापुढे धरला. आणि दोन ओळी पुढे, मला पाठमोऱ्या, मानेकाकू बसल्या होत्या.

तिथून मी सरळ त्यांच्या घरी गेलो. मानेसाहेब गडहिंग्लजला भावाकडे गेले होते. काकूंनी पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. अंडं, किराईत, पेढा, सोमवार ते शनिवार. मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर मला बाहेर काढतील.

पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, “सर, खरं सांगू? तो दुसरा आला ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. बैठकीत बोलून गेले होते मी. नंतर वाटलं, कुठं ही ब्याद! सोफे, पडदे, ह्यांची कटकट. त्या दिवशी घरी येऊन मी निवांत झोपले.”

मला क्षणभर हलकं वाटलं, हेही लिहायला हवं. वाटलं, चला, म्हणजे माझ्यामुळं काही बिघडलं नाही.

“पण पहिला आला असता,” काकू म्हणाल्या, “तर घेतला असता मी. चारचौघांत शब्द दिला होता. नको असतानाही घेतला असता. आणि मग ठेवलाच असता.”

बाहेर शाळेतून परतणाऱ्या मुलांचा गलका चालला होता. काकूंनी विचारलं, “तुम्ही अजून जाता का तिकडे, शोधायला?”

“मामा आजारी पडल्यापासून नाही.”

“रविवारी जाल तेव्हा मला सांगा.”

गेल्या रविवारी आम्ही गेलो. काकूंचे गुडघे दुखतात, प्रत्येक पायरीला त्या “हं” म्हणून थांबत होत्या. मुकादमाला नेलं त्याला आता दोन वर्षं होत आली. रस्त्यावरचं कुत्रं इतकं टिकतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. वरच्या वळणावरच्या नारळवाल्यानं मला ओळखलं.

“आवो पावणं, लई दिसांनी! मामा न्हाय आलं?”

“मामा गेले,” मी म्हणालो.

त्यानं नारळांवरची धूळ फडक्यानं उगाचच झटकली. मग म्हणाला, “लई कुत्री येत्यात हितं. नजर ठिवतो मी. खरं मामांनी कवा सांगिटलंच न्हाय, ते कुत्रं कुणाचं म्हणायचं?”

मी काकूंकडे बघितलं.

“माझं,” मानेकाकू म्हणाल्या. पर्समधून त्यांनी चष्मा काढला, दुकानदाराकडून पुठ्ठ्याचा तुकडा मागून घेतला, आणि त्यावर सावकाश, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, आपला फोन नंबर लिहून दिला.